आंबेबोडीचा विस्तव

ज्या दिवशी आमचा टोला, म्हणजे आमची वस्ती, जळला, त्या दिवशी भागरताआत्यानं पहिलं काम काय केलं, तर मनसाराम काकाजीची माचिस काढून घेतली. आम्ही सगळे गुराढोरांसकट बोडीच्या पाण्यात उभे होतो. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. आत्याच्या लुगड्याचा काठ करपलेला, केसांत राख, आणि कमरेएवढ्या पाण्यात ती बाई काकाजीच्या सदऱ्याचे खिसे चाचपत होती.

"काढ इकडे. तुह्या बिडीनं गाव खाल्ला."

"अवो बाई, मी त् सकारपासून घरीच होतो!"

"तू घरी होता. बिडी कोठी होती?"

माचिस भिजून लगदा झाली होती. तरी आत्यानं ती कमरेच्या पिशवीत घातली आणि पाण्यातूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलं, "आजपासून ह्याले जो माचिस देल, त्याच्या घरच्या बारंतपनाले मी येनार नाई. सांगून ठेवतो." त्यानंतर काकाजीला माचिस देणारा माणूस आमच्या टोल्यात निपजला नाही.

आत्या कोण ते सांगतो. माझ्या बाबांची ती मोठी बहीण. लग्न झालं, नवरा लवकरच गेला, ती परत आली आणि मग टोल्याचीच होऊन राहिली. सालेकशाच्या पुढं जंगलात आमचा धावडाटोला, घरं थोडकी, आणि त्यातली अर्धी माणसं आत्याच्या हातावर जन्मलेली. मीही. ज्याला तिनं पहिल्या दिवशी उघडं पाहिलं नाही असा मर्द गावात सापडायचा नाही, म्हणून तिच्यासमोर कोणाचा तोरा चालायचा नाही. मनसाराम काकाजी हा बाबांचा धाकटा भाऊ. लग्न नाही, घर नाही, आमच्या ओसरीवरच त्याची खाट. स्वभाव गायीचा आणि तोंडात बिडी. आत्याचं आणि त्याचं भांडण म्हणजे आमच्या घरचा रेडिओ. सकाळी सुरू व्हायचा तो दोघं जेवायला बसेपर्यंत. एखाद्या दिवशी बंद असला तर माय म्हणायची, "पाहा रे, दोघातून कोन बिमार आहे त्."

आग बिडीनं लागली नव्हती. हे मी आज लिहू शकतो, कारण आत्या आता नाही. मोहफुलाचे दिवस होते. फुलं पहाटे गळतात, पाल्यात लपून बसतात, म्हणून लोक झाडाखालचा पाला आधी जाळून जागा साफ करतात. तेव्हाही करायचे, आताही करतात, कितीही सांगा. त्या दिवशी वारा फिरला. कोणाच्या झाडाखालून आग पुढं सरकली ते कोणालाच ठाऊक नाही. त्या सकाळी आत्या स्वतःच्या मोहाखाली काय करत होती, हे विचारायची छाती कोणाची नव्हती. सगळ्यांनी मिळून काकाजीवर ढकललं आणि काकाजीनं ते घेतलं. त्याला तसंही कोणी काही दिलं तर नको म्हणायची सवय नव्हती.

वणव्याचं मला काय आठवतं, तर आवाज. लोक ज्वाळा सांगतात. मला वेळूच्या बेटांचा आवाज आठवतो, पेरं फुटायची ती लग्नातल्या फटाक्यांसारखी, आणि त्यामागं एक घरघर, जशी दूरवर मालगाडी चालून राहिली आहे. मग तनसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, ढीग गेले, मग गोठे, मग घरं. माणूस एकही गेलं नाही. मी मात्र शहाणपणा केला. आमचा चांद्या बैल दाव्यालाच राहिला होता, त्याला सोडायला मी बोडीतून परत पळालो. चपला कुठं पडल्या देव जाणे. दावं कापलं, चांद्या मला ढकलून पुढं पळाला, आणि मी त्याच्या मागून इंगळांवरून. पाण्यात पाय घातल्यावर कळलं की तळव्यांची कातडी माझ्यासोबत आलेलीच नाही. बैलाला वाचवलं म्हणून लोकांनी माझं कौतुक केलं. या चांद्यानं पुढं त्याचे पांग कसे फेडले ते येईलच.

आम्ही सगळेच आंबेबोडीला गेलो. ते माझ्या मायचं माहेर, बंडीनं, म्हणजे बैलगाडीनं, अर्ध्या दिवसाची वाट. मायचे भाऊ, म्हणजे माझे मामाजी, गावात धानाचे मोठे शेतकरी. त्यांनी आपलं खळं आमच्या टोल्याला दिलं. खळ्यात सगळ्यांची बिऱ्हाडं लागली, तट्टे उभे करून खोल्या झाल्या, गुरं मामाजीच्या गोठ्यात. मला मात्र मामीनं घरात ओसरीवर ठेवलं, कारण मला चालता येत नव्हतं. जवसाचं तेल आणि चुन्याची निवळी एकत्र घोटून ती लोण्यासारखं करायची आणि कोंबडीच्या पिसानं माझ्या तळव्यांना लावायची. पहिल्या दिवशी मी असा ओरडलो की दारातलं कुत्रं उठून गेलं.

"इतका मोठा आवाज असून आग कायले नाई विझवली, फुंकर मारून?" आतून कोणीतरी म्हणालं. ती मामाजीची मुलगी, कौतिका.

हिला मी लहानपणी पाहिली होती, तेव्हा ती नाक पुसत फिरायची. आता नाक पुसत नव्हती, दुसऱ्यांचं खाली करत होती. मामाची मुलगी म्हणजे आमच्याकडं थट्टेचं नातं, तिला कोणी अडवायचंही नाही. आंबेबोडीतले पुरुष आणि आमच्या टोल्याचे पुरुष आळीपाळीनं धावडाटोल्यावर जाऊन राहायचे, राख उपसायला, बल्ल्या तोडायला, भिंती लिंपायला, आणि मी मर्दगडी बायकांमध्ये बसून चिंचा फोडायचो. चिंचेचे चिंचोके काढायचे, गोळे करायचे, मीठ लावून मडक्यात भरायचे. पाय गेले तरी हात शाबूत, म्हणून हे काम मला बरोबर बसलं असं मामीचं मत. कौतिका माझ्यासमोर फोडलेल्या चिंचांचा ढीग पाहून म्हणायची, "बाई ग, तुमच्याहून त् हाच बरा फोडते. ह्याले लुगडं आनू का?" बायका हसून हसून मागं कलंडायच्या. मी रागानं लाल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती चिंचांची टोपली घेऊन कधी येते याकडं माझे कान लागलेले असायचे. आता खोटं कायले लिहू.

त्या घरचं जेवण अजून जिभेवर आहे. सकाळी तांदळाची पेज, वर कच्चा कांदा. दुपारी भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण, भेदरांची चटणी, म्हणजे तुमचे ते टोमॅटो, चुलीत भाजून पाट्यावर रगडलेले. बाजाराच्या दिवशी सुकलेले झिंगे. एवढी माणसं जेवायची, पण मामीनं एकदाही भांड्यात डोकावून पाहिलं नाही. डोकावणारी एकच होती, भागरताआत्या. ती प्रत्येक घासाला म्हणायची, "चांगला आहे, पन आपल्या टोल्याच्या पान्याचा नाई." मामी हसायची. मामी फार मोठ्या मनाची बाई. माझी सासू म्हणून म्हणत नाही.

काकाजीचं काय, तर माचिस नाही म्हणून त्यानं एक युक्ती काढली होती. सकाळी तो मामीच्या चुलीपाशी जायचा, कौतिका चिमट्यानं त्याला इंगळ धरायची, तो पहिली बिडी पेटवायचा. मग दिवसभर एक विझायच्या आत तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. झोपेपर्यंत साखळी तुटू द्यायची नाही. आत्यासमोर ओढायची सोय नव्हती, म्हणून हा माणूस कधी गोठ्यामागं, कधी पळसाआड, कधी बोडीच्या पाळीपलीकडं. माचिस असताना जेवढ्या ओढत नसेल त्याच्या दुप्पट तो आता ओढू लागला. आत्याला वाटे, सुधारला.

उन्हाळा सरत आला, माझ्या पायांना नवी गुलाबी कातडी आली, मी भिंत धरून चालू लागलो. टोल्यावर भिंती उठल्या, अर्ध्या छपरांवर कवेलू चढले. जाऊन येणारे सांगत की जळलेल्या मोहांना तांबडी पालवी फुटली आहे, जंगल काही थांबून राहिलेलं नाही. पण माणसं डगमगू लागली होती. एकाला सालेकशाकडं रेल्वेच्या लायनीवर काम मिळत होतं, दुसऱ्याचे सासरे त्याला घरजावई करायला तयार. खुद्द माझे बाबा एक दिवस म्हणाले, "मामाजीची धानाची बांधी बटईनं करू, अर्धा वाटा आपला. त्या रानात परत जाऊन काय करनार?" त्या दिवशी मायच्या हातचा भात कच्चा राहिला. पावसाआधी जाऊन धानाचे पऱ्हे टाकले, म्हणजे रोपांसाठी बी पेरलं, तर टोला टोला राहणार होता. एक हंगाम चुकला की सगळे चार दिशांना जाणार आणि धावडाटोला म्हणून काही राहणार नाही, हे लहान पोरालाही कळत होतं. मला घरी जायचं होतं. आपल्या ओसरीवर, आपल्या पायांनी. सगळे आत्याकडं पाहत होते. ती गेली असती तर सगळे गेले असते.

आत्या म्हणाली, "मी त् चालली. पन इस्तो सोयऱ्याच्या चुलीतला पायजे."

आमच्यात एक रीत होती. घरात मयत झालं की चूल विझवायची, आणि दिवस झाले की सोयऱ्याच्या घरच्या बाईनं आपल्या चुलीतला विस्तव आणून ती पेटवायची. माचिसनं नाही. आत्याचं म्हणणं, यावेळी अख्खा टोलाच मेला, तेव्हा टोल्यालाच सोयऱ्याचा विस्तव लागणार. आणि त्याला अटही होती, वाटेत विझला तर बंड्या माघारी फिरवायच्या आणि त्या सालात पुन्हा आणायचा नाही.

"असं कायले?" मी विचारलं.

"कायले म्हंजे? असंच असते," आत्या म्हणाली. एवढंच शास्त्र.

बाबांचा चेहरा पाहून मला वाटलं, विझला तर बरं असंच त्यांच्या मनात आहे. मामीनं विस्तव न्यायला कौतिकाचं नाव घेतलं. घरातली तरणी पोर, हात स्थिर. थंडीत हात शेकायची मातीची गोरसी तिनं घेतली, तळाला राख, वर धानाचा कोंडा दाबून भरला, मधोमध गोवरीचे तुकडे आणि त्यांत मामीच्या चुलीतले लाल इंगळ पुरले. कोंडा हळूहळू धुमसतो, ज्वाळा काढत नाही, दिवसभर जातो. वाटेत घालायला कोंड्याचं एक बोचकंही दिलं. पहिल्या बंडीत कौतिका मांडीवर गोरसी घेऊन, बाजूला मामाजी, आणि हाकायला मी. माझ्या पायांखाली मामीनं सावरीच्या कापसाची उशी ठेवली होती. बंडीला चांद्या आणि त्याचा जोडीदार. मागं आत्याची बंडी, मग बाकीच्या, गुरं, कोंबड्यांचे खुराडे. मी मागं वळून पाहिलं की कौतिका म्हणायची, "समोर पाहा ना जी, बैल काय माह्या तोंडावर चालून राहिले?"

सगळं बरं चाललं होतं. नाल्यापर्यंत. नाल्याच्या अलीकडं हिरवं जंगल आणि पलीकडून जळलेलं. नाल्यात घोट्याएवढं पाणी. बंडी मधोमध आली आणि वारा समोरून आला, त्यात कोळशाचा वास. चांद्या थबकला. त्यानं नाक वर केलं, डोळे पांढरे केले, आणि ज्या बैलासाठी मी माझे तळवे देऊन आलो होतो तो बैल अख्खी बंडी घेऊन मागं सरकू लागला. मी ओढतो, मामाजी ओरडतात, एक चाक दगडावर चढलं, बंडी कलली, आणि कौतिका गोरसीसकट पाण्यात. "फस्स" असा एवढासाच आवाज झाला. ती उठली, दोन्ही हातांत गोरसी वर धरलेली, पण तिच्यातून काळं पाणी गळत होतं. तिनं बोट घालून तळापर्यंत चाचपलं. मग माझ्याकडं पाहिलं. ती पोर माझ्यासमोर कधी गप्प बसली असेल तर तेवढाच वेळ.

मागच्या बंड्या थांबल्या. बाबा खाली उतरले, नाल्यात उभे राहून पलीकडच्या काळ्या झाडांकडं पाहू लागले. ज्यांना सुटका हवी होती त्यांच्या तोंडावर सुटका झालेली दिसत नव्हती, याचं मला तेव्हाच नवल वाटलं. आत्या बंडीतून न उतरताच म्हणाली, "झालं. फिरवा बैलं." आवाज तिचाच, पण त्यातली धार गेली होती. रेल्वेत जाणाऱ्यानं आपली बंडी वळवायला सुरुवातही केली.

तेवढ्यात कौतिकानं नाक वर केलं. चांद्यासारखंच. तिचं नाक भारी तिखट होतं, पुढं जन्मभर मला त्याचा त्रास झाला.

"काकाजी कोठी हाय?" ती म्हणाली.

कोणालाच पत्ता नव्हता. ती ओल्या लुगड्यानं फटाफटा पाणी उडवत मागं पळाली, शेवटच्या बंडीच्याही मागं, आणि पळसाआडून काकाजीला बाहीला धरून ओढत आणलं. काकाजीची एक मूठ पाठीमागं.

"दाखवा हात."

"काय नाई वो पोरी," काकाजी म्हणाला, आणि बोलता बोलता त्याच्या नाकातून धूर आला.

"खरं सांगजा. माचिस कोन देल्ली?"

"मले कोन देते वो माचिस! सकारी तूच त् चिमट्यानं इंगळ धरली होती. मंग एकीवर एक, एकीवर एक. विझली असती त् दिवसभर कोनाच्या तोंडाकडे पाहू?"

कौतिका वळली आणि सगळ्या नाल्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "आत्याबाई! इस्तो हाय! आमच्याच चुलीचा हाय!"

आता आत्या उतरली. ती येताना पाहून काकाजीची गाळण उडाली, तो बिडी खाली टाकून पायाखाली चिरडणार, तोच कौतिकानं त्याचं मनगट धरलं. आत्या समोर येऊन उभी राहिली. जिनं या बिडीवर अख्खं गाव जाळल्याचा आरोप ठेवला होता, ती त्याच बिडीकडं टक लावून पाहत होती. माचिस तिनंच काढून घेतली होती, तिच्या धाकानंच कोणी दुसरी दिली नव्हती. तेव्हा हा विस्तव मामीच्या चुलीचाच, याला सगळ्यात पक्की साक्ष तिचीच होती. हे तिच्या डोक्यात कसं कसं उतरत गेलं ते तिच्या भुवयांवर दिसत होतं.

"दुसरी आहे?" तिनं विचारलं.

"कट्टा संपला," काकाजी म्हणाला. "हीच शेवटची."

बिडी दोऱ्यापर्यंत आली होती. टोकावरची लाली राखेत लपली.

"मंग पाहत कायले बसला?" आत्या किंचाळली. "ओढ! ओढ ना रे मुडद्या! इझू देऊ नको!"

काकाजीनं आयुष्यभर शिव्या खात झुरके घेतले होते, हा पहिला हुकमानं घेतला. गाल आत गेले, डोळे बाहेर आले. आजूबाजूला सगळे गोळा झालेले, "हाव काकाजी, आनखी एक! सोडू नका जी!" असा गलका. मी पायाखालची उशी दातानं फाडली, सावरीचा कापूस मूठभर काढला. आत्यानं आपल्या बंडीतून लोखंडी तवा आणला. बोचक्यातला कोंडा सुका होता. कौतिकानं तव्यावर कापूस धरला, काकाजीनं ओठ पोळत असताना शेवटचा झुरका घेऊन बिडी त्यात टेकवली, आणि ती पोर फुंकू लागली, अशी हलकी की कापसाचा तंतू हलू नये. एक काळा ठिपका झाला. त्याच्या कडेनं लाल रेघ फिरली. मग धूर. मग कोंड्यानं धरलं. बाबांनी जाऊन चांद्याच्या डोळ्यांवर आपला गमछा बांधला, जू धरलं आणि त्याला चुचकारत नाला पार केला. रेल्वेत जाणाऱ्याची बंडी आडवी झाली होती, ती त्यानं सरळ केली.

टोल्यावर पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मायनं दोन दिवस आधीच पुढं येऊन बोडीच्या गाळाची नवी चूल घालून ठेवली होती. कौतिकानं ती पेटवली आणि मग एकेका घरची बाई येऊन आमच्या चुलीतून विस्तव घेऊन गेली. भांडी कुठं होती? जळून पडलेल्या छपरांचे कवेलू सगळीकडं फुटलेले पडले होते, त्यांच्या तुकड्यांवर इंगळ घेऊन बायका पदर सावरत आपापल्या घरी गेल्या. थोड्याच वेळात प्रत्येक छपरातून धूर निघू लागला. त्याच टोल्यातून निघणारा धूर, पण कोणी पळालं नाही. आम्ही उभे राहून पाहत होतो आणि हसत होतो. आमची धानाची ढोली, म्हणजे कणगी, शेणमातीनं लिंपलेली म्हणून वाचली होती, त्यातल्या तांदळाचा भात झाला. त्याला धुराचा वास. वर्षभर तोच भात खाल्ला. पहिला घास घेऊन आत्या म्हणाली, "चांगला आहे." पुढं काही लावलं नाही.

जेवण झाल्यावर तिनं कमरेच्या पिशवीतून ती माचिसची वाळलेली गोळी काढली, चुलीत टाकली, आणि चिमट्यात इंगळ धरून काकाजीसमोर केला. कोणीतरी त्याला नवा कट्टा दिला होता. "घे. आजपासून येथूनच पेटवजो. माचिस नाई भेटनार." दुसऱ्या दिवसापासून रेडिओ पुन्हा सुरू झाला.

धान कापून झाल्यावर माझं आणि कौतिकाचं लग्न झालं. मांडवात आत्या सगळ्यांना सांगत होती की पोरीची पारख तिनंच केली. माझं शिकणं चौथीपर्यंत, तेही रडतखडत, तेव्हा संसाराबद्दल मोठं काही लिहिता येणार नाही. एवढं सांगतो की आमचं भांडण कुठूनही सुरू झालं तरी संपायचं एकाच ठिकाणी. ती म्हणायची, "मी आली म्हनून तुमच्या टोल्यात चूल पेटली." मी म्हणायचो, "तू त् पान्यात पडली. पेटवली काकाजीनं." मग ती म्हणायची, "पाडलं कोन?" आणि मी उठून गोठ्यात जायचो. घरात गॅस आला तरी तिनं परसातली चूल मोडू दिली नाही. भात चुलीवरच. सुना हसायच्या, ती त्यांनाही पुरून उरली.

ती गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही. गोंदियाच्या दवाखान्यात होती, शेवटचे काही दिवस. लोक म्हणतात, म्हातारा रडला नाही. लोकांना काय माहीत, मी कुठं कुठं जाऊन काय करतो. परसातली चूल आम्ही विझवली. त्या दिवसांत मी रोज सकाळी तिथं जाऊन बसायचो. थंड चुलीसमोर बसणं फार वाईट. पोरगा म्हणे, "बाबा, घरात चला, चहा गॅसवर केला आहे." मी त्याला एक दोन शब्द चांगले ऐकवले.

दिवस झाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आंबेबोडीहून मोटरसायकल आली. कौतिकाच्या भावाचा मुलगा रवी चालवत होता, मागं त्याची बायको, मांडीवर गोरसी, तारेनं बांधून, वरून टिनाचं झाकण. मी झाकण उचलून पाहिलं. विस्तव लालबुंद, काही झालेलं नव्हतं. पण रवीकडं पाहिलं तर त्याच्या तोंडात बिडी. या पोट्ट्यानं जन्मात कधी बिडी ओढली नाही. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, खोकून खोकून मान लाल. खिशातून फुटलेला कट्टा डोकावत होता.

"काऊन रे? हे काय?"

"फुफू सांगून गेल्ती, फुफाजी," तो खोकत म्हणाला. आपल्या आत्याला, म्हणजे कौतिकाला, तो फुफू म्हणायचा आणि मला फुफाजी. "दवाखान्यात. म्हने, माह्या मागं इस्तो आनशीन ना, त् संग एक बिडी पेटवून ठेवजो. तुहे फुफाजी वाटंत आडवे आले त् भरोसा नाई, म्हने, पाडतील."

त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. मग मी हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा, आणि असा हसलो की पोरगा, सून सगळे बाहेर आले. मोटरसायकलचा आधार घेऊन हसलो. मरायला टेकलेली बाई, आणि तिथं पडून हे ठरवून राहिली होती.

आम्ही परसात गेलो. रवीच्या बायकोनं चुलीत काड्या रचल्या, गोरसीतला इंगळ चिमट्यानं उचलून खाली सरकवला. मी शेजारी बसलो, फुंकणी घेतली.

"आता फेकू का जी, फुफाजी?" रवीनं विचारलं. बिडी बोटांत धरून तो बिचारा रडकुंडीला आला होता.

काड्यांनी अजून धरलं नव्हतं.

"ओढ रे मुडद्या," मी म्हणालो. "चूल पेटू दे. इझू देऊ नको."